राहून गेलेलं गाऱ्हाणं

"बुक भायर काढ," आईने सत्यवानची पिशवी ओढली. "देव काय पिशयेत वाकान बघतलो?"

सत्यवानने पुस्तक काढलं. रवळनाथाच्या सभामंडपात सगळी वाडी दाटीवाटीने बसली होती. बाहेर जत्रेची दुकानं मांडली जात होती आणि कढईतल्या खाज्याला गूळ लागत होता. गंगाराम घाडी नारळ हातात घेऊन देवापुढे उभा राहिला. गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. सत्यवान मात्र दुपारच्या एसटीचा हिशोब करत होता. नारळ लवकर फुटला तर गाडी मिळेल, मग कुणाशी फार बोलावं लागणार नाही.

पुस्तक गाऱ्हाण्यांवरच होतं. एकाने देवापुढे गावाचं दुखणंखुपणं मोठ्याने सांगायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी 'होय म्हाराजा' म्हणून त्यात आपला आवाज मिसळायचा, ही इथली रीत. ती टिपायला सत्यवान मोबाईल घेऊन गावोगाव हिंडला होता. देवगडकडची गाऱ्हाणी झाली, खारेपाटणकडची झाली. तीनशे पानं भरली, त्यातली निम्मी तळटिपांनी. आचऱ्याजवळच्या या त्याच्या स्वतःच्या गावाचं गाऱ्हाणं तेवढं पुस्तकात नव्हतं. जत्रेला तो कधी यायचाच नाही.

यायचा तरी कुठल्या तोंडाने? फार वर्षांपूर्वी एका कॉलेजातली मुलाखत छान झाली होती. त्याच भरात त्याने आईला फोनवर सांगून टाकलं, "आये, मी कायम झालंय." नेमणुकीचा कागद काय, चार दिवसांत येईल म्हणाला. तो काही आला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच आईने वाडीभर साखर वाटली होती. आता ती साखर लोकांच्या तोंडातून परत कशी काढणार! तेव्हापासून सत्यवान तासावर शिकवत होता. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, मधला वेळ एसटीत. शिक्षकांच्या खोलीत त्याला खुर्ची होती, ती रिकामी असेल तेव्हा. गावात मात्र तुळसाचा झील, म्हणजे आईचा हा मुलगा, प्रोफेसर होता.

पुस्तक निघालं की सुटका होईल, असं त्याला वाटलं होतं. गेल्याच आठवड्यात मुलाखत झाली. तज्ज्ञ मंडळींनी पुस्तक चाळलं, 'फार मोलाचं काम' म्हणाले आणि जागा दुसऱ्याला दिली. सत्यवान दमला होता. खोटं सांभाळून दमला होता, आणि खरं सांगायचं त्राण आता उरलं नव्हतं. आज त्याला एवढंच हवं होतं की पुस्तक देवाच्या पायाशी ठेवावं आणि आपलं बिंग न फुटता निघावं. या गावात आईची मान ताठ होती. ती तेवढी ताठ राहिली की झालं.

गंगारामकाकाने पुस्तक देवापुढे ठेवलं आणि खाकरून गळा साफ केला. सवयीने सत्यवानने मोबाईल काढला आणि रेकॉर्डिंग चालू केलं.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज ह्या तुळसाच्या झिलान बुक लिवन तुझ्या पायार हाडून ठेवलेला आसा. ता गोड मानून घे, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तेच्यात काय चुकला-माकला आसात तर लेकराक माफ कर, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

सत्यवानला बरं वाटलं. आता गाऱ्हाणं काजूच्या मोहोरावर येईल, मग दुखण्याबाण्यावर, मग नारळ. क्रम त्याला पाठ होता.

"बा देवा, तो पोर अजून तासार शिकवता. एक तास हय, दुसरो थंय. मे म्हयन्यात पगार नाय म्हणान देवगडाक आंब्याच्यो पेट्यो भरता, नि कोणाक सांगणा नाय. तेका ह्या वर्सात कायम कर, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

सगळा मंडप बोलला. म्हातारे बोलले, कडेवर पोरं घेतलेल्या सुना बोलल्या. सत्यवानचे कान तापले. आंब्याच्या पेढीवर तो तोंडाला रुमाल बांधून बसायचा. तेही यांना ठाऊक होतं! आता कुणीतरी वळून हसेल म्हणून त्याने मान खाली घातली. पण कुणी वळलंच नाही. गंगारामकाका काजूच्या मोहोरावर गेला होता आणि लोक त्यालाही तितक्याच जोरात होय म्हणत होते.

नारळ फुटला. माणसं उठून पायातल्या चपला शोधू लागली. सत्यवान आईजवळ सरकला. तिच्याकडे बघायचा धीर त्याला होईना.

"आये, ह्या गंगारामकाकाक कोणी सांगल्यान?"

"मीच."

"कधी?"

आईने प्रसादाच्या खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

"साखर वाटलंय ना, तेच्या फुडल्याच जत्रेक. तेवापासून दर वर्साक आमी ह्या गाऱ्हाणा घालतंव, झिला. तू तेवा दुसऱ्यांच्या गावांची गाऱ्हाणी आयकीत फिरत होतंस."