मऊ की कडक

"साहेब, मऊ देऊ की कडक?" टायरवाल्यानं पुन्हा विचारलं.

तो दोन रॅकच्या मध्ये खोळंबला होता. डावीकडे मऊ रबराचे टायर. वळणावर रस्ता घट्ट धरून ठेवणारे, पण लवकर झिजणारे. उजवीकडे कडक टायर. ऑफिस, दवाखाना, बाजार अशी ओझी वर्षानुवर्षं निमूट वाहणारे.

"तू सांग," तो बायकोला म्हणाला.

बायको बाकावर बसली होती. डोकं भिंतीला, डोळे मिटलेले. "तुला हवं ते घे," ती म्हणाली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. "हो आई. जपमाळ उशीखाली बघा. ती नाही, दुसरी उशी. नाही सापडली तर कामाच्या मावशींना सांगा, त्या देतील." फोन ठेवून तिनं परत डोळे मिटले.

आई म्हणजे त्याची आई. गेल्या वर्षी न्हाणीघरात पडली, खुबा मोडला, तेव्हापासून अंथरुणावर. त्याआधी त्याचा रविवार ठरलेला असे. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर प्लास्टिकचे शंकू मांडायचे आणि एकेका गाडीनं घड्याळाशी शर्यत लावत त्यांच्यामधून वाट काढायची. मिनिटभराचा खेळ. पण त्या मिनिटासाठी तो आठवडा रेटायचा. आई पडली त्याच आठवड्यात त्यानं जाहीर केलं, "शर्यत बंद. रविवारी मी आईजवळ बसतो. तू बहिणीकडे जाऊन येत जा." राजानं गादी सोडावी असा त्याचा आवाज होता. त्यानंतर तो ऑफिसच्या बसनं जाऊ लागला, गाडी बायकोकडे गेली आणि त्यानं टायरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सिगारेट सोडलेला माणूस दुसऱ्याच्या पाकिटाकडे बघत नाही, त्यातलाच प्रकार.

आईजवळ बसायचा म्हणजे खरंच बसायचा. बाकी सगळं फोनवर. औषधाचा चमचा कुठे, धुतलेली चादर कुठे, आईला वरण पातळ लागतं की घट्ट? चमचा बहुतेक त्याच्या समोरच असायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, फक्त वळसा बायकोच्या फोनवरून. कधीकधी ती फोन उचलत नसे. "पर्समध्ये होता," संध्याकाळी सांगायची. त्या संध्याकाळी तिचा चेहरा जरा बरा दिसे. त्याचं श्रेय तो मेहुणीला देत असे, थोडंसं स्वतःलाही.

"कडकच द्या," तो अखेर म्हणाला. बायकोला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला. "मऊचे दिवस गेले आता."

बायकोनं डोळे उघडले. डावीकडच्या रॅककडे एकदा पाहिलं.

गाडी जॅकवर चढली, पुढची चाकं निघाली. "वर्षभरात चाळण झाली बघा," तो टायरवाल्याला ऐकवू लागला. "पूर्वीसारखा माल राहिला नाही." ऐकवता ऐकवता तो वाकला आणि वाकलेलाच राहिला. टायरची मधली नक्षी ठीकठाक होती. बाहेरची कड मात्र उंदरांनी कुरतडावी तशी गेली होती. दोन्ही चाकांची. दवाखान्याच्या सरळ रस्त्यावर टायर असे झिजत नाहीत. आणि त्या कडेवर पांढऱ्या खडूच्या रेघा होत्या, अर्ध्या पुसलेल्या. वळणावर टायर किती कलतो ते कळावं म्हणून शर्यतवाले अशा रेघा ओढतात. तोही ओढायचा.

"या खुणा तुमच्या?" त्यानं विचारलं.

"छे, आमचा खडू पिवळा."

तो बायकोकडे वळला. आता ती नीट बसली होती.

"तुझ्या बहिणीच्या वाटेवर वळणं फार आहेत वाटतं."

"बहिणीकडे दोनदाच गेले," ती म्हणाली. "तिथेही चहा मीच करायचा."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू कडेला उभा राहिला असतास. आता डावीकडे घे, आता ब्रेक मार."

हे खरं होतं, म्हणूनच त्याला राग आला. वर्षभर आपण मन मारलं ते कुणासाठी? भांडायला तोंड उघडलं, पण निघाला तो जुन्या सवयीचा प्रश्न. "कितवी येतेस?"

"शेवटून दुसरी. कधी शेवटची."

"मग जातेस कशाला?"

तिनं हातातल्या फोनकडे पाहिलं. "हेल्मेट घालायच्या आधी फोन बाहेर ठेवावा लागतो," ती म्हणाली. "तेवढं एक मिनिट मला कुणी हाक मारत नाही."

त्याला लाज वाटली. हाका मारणाऱ्यांत आपलाही आवाज होता, रविवारीसुद्धा होता, हे त्याला इतक्या दिवसांत सुचलं नव्हतं.

फोन वाजला. ती सवयीनं उठलीच. ओठांवर "हो आई" तयार होतं. त्यानं पुढे होऊन तिच्या हातातून फोन घेतला.

"मऊ चढवा," तो टायरवाल्याला म्हणाला. "चारही."

"साहेब, रोजची गाडी आहे. लवकर झिजतील."

"झिजू देत."

मग त्यानं फोन कानाला लावला. "आई, ती नाहीये इथे. काय हवंय ते मला सांग."