पंधरावा माणूस

“चौदा नावं, चौदा माणसं. मोजून घ्या बाई,” बोटीचा तांडेल प्रसोंग हसत म्हणाला. “माझ्या बायकोनंही माझी इतकी झडती कधी घेतली नाही.”

ओराथाई हसली नाही. सोंगखला बंदराच्या धक्क्यावर बोटी तपासण्यात तिची सहा वर्षं गेली होती. नव्या कायद्यानं प्रत्येक खलाशाला विचारावंच लागे: पगार मिळतो का, मारहाण होते का, घरी जायचंय का. चौदाही कंबोडियन खलाशी पाठ केल्यासारखे बोलले. मिळतो. नाही. नाही.

सारून नावाच्या खलाशाच्या मनगटांवर मात्र दोरखंडाचे जुने वळ होते.

“हे कशानं?” दुभाषी सोकुनमार्फत तिनं विचारलं.

“जाळं ओढताना.”

“खरं सांग रे बाबा. तुला इथंच उतरवून घेता येतं. कायदा तुझ्या बाजूनं आहे.”

“नको ताई. तांडेल देवमाणूस आहे. मला बोटीवर जाऊ द्या.”

माणूस इतका घाबरलेला तिनं कधी पाहिला नव्हता. तक्रार नसली तरी नुसत्या संशयावरून खलाशी उतरवून घ्यायचा अधिकार कायद्यानं तिला दिला होता. तो तिनं आज पहिल्यांदा वापरला. सारूननं बोटीचा कठडा घट्ट धरला. शिपायांना त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली. तांडेलानं हुज्जत घातली नाही. कागदपत्रं चोख होती, बाकी तेरा जणांची काही तक्रार नव्हती. दुपारच्या भरतीला बोट निघून गेली.

सोडवलेल्या खलाशांच्या सरकारी निवाऱ्यात ओराथाईनं स्वतः त्याच्यापुढे भात वाढला. तो त्याला शिवलासुद्धा नाही.

“बोट गेली?” त्यानं विचारलं.

“गेली. आता तुला कुणी हात लावणार नाही.”

मग तो बोलू लागला. आता लपवण्यासारखं काही उरलं नसल्यासारखा, सावकाश. सोकुन ऐकत राहिली. सांगायचंच विसरली.

“अगं, काय म्हणतोय?”

“ताई, सागरी हद्दीबाहेर त्यांची अजून एक बोट आहे म्हणे. तिला नाव नाही, नंबर नाही, ती किनाऱ्याला लागत नाही. या चौदाही जणांच्या घरचं एकेक माणूस तिच्यावर अडकवून ठेवलंय. याचा थोरला भाऊ आहे.” सोकुन ओराथाईकडे वळली. “जो बोटीवर परत येत नाही, त्याच्या माणसाला पाण्यात ढकलतात.”