सोळा कोअर

इमारतींचे नकाशे काढून ती एकटी घर चालवायची. जुना कॉम्प्युटर रखडायला लागला, तेव्हा तिने आठवडाभर वाचून चिठ्ठी लिहिली: सहा कोअरचाच प्रोसेसर, पण वेगवान. दुकानात मात्र नवरा, दीर आणि सासरेच बोलत होते. "सोळा कोअरवाला द्या," नवरा म्हणाला. दुकानदाराने चिठ्ठी वाचली. "वहिनींचं बरोबर आहे, साहेब. नकाशांचं सॉफ्टवेअर एकाच कोअरवर चालतं. तो एकटा मरमर राबणार आणि बाकीचे पंधरा नुसते बसून राहणार." "बसू देत की! चारचौघांत सांगायला आकडा मोठा हवा," सासरे म्हणाले. दिराने मान डोलावली. तिने चिठ्ठी परत घेतली. "द्या सोळाचाच. आमच्या घराची रीतच आहे ती." तिघेही खदखदून हसले आणि हात हलवत गाडीकडे निघाले. कॉम्प्युटरचं जड खोकं तिने कसंबसं उचललं, तोवर बाहेर हॉर्न वाजायला लागला.