प्याला चुकवणारा माणूस

"बस खाली. भरती आहे तोवर अख्खं शहर दाखवतो. ओहोटी लागली की होडी चिखलात," कासियानो म्हणाला.

शेर्लिन, थोरांपुढून जायची बेटाची रीत आहे तशी, कमरेत वाकून त्याच्या समोरून पुढे गेली आणि टोकाला बसली. आपण होनोलुलूची जेनी, पर्यटक, असं तिनं फोनवर सांगितलं होतं. गळ्यात कॅमेरा, नाकावर पांढरं मलम, डोक्यावर ही एवढी टोपी. सोंग अगदी झकास जमलं होतं. तोंडवळा आईचा, त्यामुळे हा म्हातारा तिचा सख्खा काका आहे हे कुणाला सांगूनही पटलं नसतं.

तिला त्याला साकाऊचा एक प्याला पाजायचा होता. बस्स, तेवढ्यासाठी ती कॅन्ससहून आमच्या पोनपे बेटावर आली होती.

आमच्याकडे माफी नुसती तोंडानं मागत नाहीत. साकाऊची मुळं दगडावर कुटायची, रस पिळायचा आणि करवंटीतून समोरच्याच्या हाती द्यायचा. तो प्यायला की भांडण मिटलं. प्याला समोर आल्यावर नाही म्हणायची सोय नाही, आणि घरातल्या एकानं घेतला की सगळ्या घरानं माफ केलं.

कासियानोची आई वारली तेव्हा धाकटा भाऊ पेलिपे अमेरिकेत होता. तो मातीला आला नाही. निरोप वाटेत कुठं हरवला देव जाणे, पण पेलिपेनं दोष स्वतःकडे घेतला. तेव्हापासून तो कुणाकुणाच्या हाती माफीचा प्याला पाठवत आला आणि कासियानो पळत आला. माणसं अंगणात दिसली की हा मागच्या दारानं पसार. एकदा तर नीरफणसाच्या झाडावर चढून बसला, या वयात! गाव म्हणायचं, राग असावा तर असा.

आता पेलिपेचं हृदय थकलं होतं. "दादानं एकदा झालं गेलं म्हणावं, मग मी मोकळा," एवढंच तो लेकीला म्हणाला होता.

होडी खारफुटीतून वळली आणि शेर्लिन सोंगबिंग सगळं विसरली.

पाण्यातून भिंती वर आल्या होत्या. काळ्या दगडाचे लांबच लांब ओंडके, सरपण रचावं तसे एकावर एक, आडवे-उभे. ना चुना, ना माती. दोन्हीकडे भिंती आणि मधे पाण्याचा रस्ता. तो वळला की दुसरा, त्याला फुटलेला तिसरा. समुद्रातच एक शहर मांडून ठेवलेलं, आणि त्यात चिटपाखरू नाही.

"अगं बाई गं," तिच्या तोंडून निघून गेलं.

"हळू. इथं राजे झोपलेत."

"हे दगड आणले तरी कुणी?"

"दोन भावांनी. मंत्र म्हटले, दगड उडत आले."

"उडत?"

"मग काय, तुमच्या होनोलुलूहून विमानानं?"

ती हसली. मग म्हणाली, "ते दोघे भाऊ कधी भांडले नाहीत?"

कासियानोनं बांबू पाण्यात रोवला. "भांडले असते तर दगडाचं दुसरं टोक कुणी धरलं असतं?"

नान डोवासच्या पायरीला त्यानं होडी लावली. ही राजांची समाधी. भिंतीचे कोपरे वर आभाळाकडे वळलेले. शेर्लिन मान वर करून बघतच राहिली. कॅन्ससच्या बर्फात, खिडक्या लावून, बाबा रात्री झोपताना याच भिंतींच्या गोष्टी सांगायचा. बाबा फेकतोय, असं तिला वाटायचं. आणि बाबानं तर कमीच सांगितलं होतं! तिनं दगडावर हात ठेवला. ऊन खाऊन तो गरम झाला होता. तिला भरून आलं.

"रडतेस?"

"मलम गेलं डोळ्यात."

"जातं. इथं बऱ्याच जणांचं जातं." तो तिच्या शेजारी उभा राहिला. "माझी आई म्हणायची, आपण केवढे आहोत ते इथं कळतं."

शेर्लिननं कॅमेरा डोळ्याला लावला. बोलली असती तर सगळं बाहेर पडलं असतं.

पाणी उतरायला लागलं तशी होडी निघाली. किनारा दिसू लागल्यावर तिनं धीर केला. "काका, ते साकाऊ की काय म्हणतात, ते मिळेल का प्यायला? घरी जाऊन सांगायला तरी."

"मिळेल की. आज सकाळीच माझ्या परसातलं झाड उपटलंय."

तिला हायसं वाटलं. देवच पावला म्हणायचा.

कासियानोच्या अंगणातल्या छपराखाली, ओट्यावर, शेजारचा एवाल्ट मुळं कुटत बसला होता. शेर्लिन मुद्दाम त्याच्या जवळ बसली. पहिला प्याला थोराचा असतो. एवाल्टच्या हातून तो आपण घ्यायचा आणि दोन्ही हातांनी काकापुढे धरायचा. मग काका पळेल कुठं?

एवाल्टनं कुटलेली मुळं झाडाच्या सालीत गुंडाळून पिळली आणि दाट रस करवंटीत सोडला. तिनं हात पुढे करायच्या आत कासियानोनं करवंटी उचलली.

पण त्यानं ती तोंडाला लावली नाही. दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली.

"पाहुणीला आधी."

हरकत नाही, तिनं मनाशी म्हटलं, दुसरा आपण देऊ. रीतीप्रमाणे डोळे मिटले आणि ती प्यायली. मातीची चव, मिऱ्यासारखा झणका, जीभ बधिर. एका दमात सगळा संपवला.

डोळे उघडले तेव्हा एवाल्टचा हात थांबला होता. कासियानो ओट्यावरून उतरून तिच्या पायाशी मातीत बसला होता, मान खाली घालून.

"शेर्लिन," तो म्हणाला, "बाबाला सांग, आई गेल्याचा निरोप मी धाडलाच नव्हता."