पहिलं गिऱ्हाईक

भुवनेश्वरीनं जुन्या कपड्यांपासून नव्या वस्तू शिवून विकायचा धंदा काढला, तेव्हा घरात आठवडाभर नाव, लोगो आणि माल यांवर खल चालला. भीमाशंकरमामांनी दोन-तीन नावं मनात जुळवली होती, पण सुनेला सांगायचा धीर झाला नाही. तेवढ्यात त्यांचा निळ्या रेघांचा सदरा दोरीवरून नाहीसा झाला आणि मोबाइलवरच्या दुकानात उशीचा अभ्रा होऊन झळकला. खाली नाव होतं, ‘आजोबा’.

“त्यांना विचारायचं तरी की गं,” सासूबाई कमलम्मा म्हणाल्या.

“मामा कधी नको म्हणतात होय?” सून हसली.

ते खरंच होतं. वापरून वापरून सायीसारखा मऊ झालेला तो सदरा घातल्याशिवाय त्यांना पुस्तक वाचवत नसे. शेवटी त्यांनी होटगीच्या एका मित्राला गुपचूप फोन करून त्याच्या नावानं तो अभ्रा मागवला.

 

संध्याकाळी सून पेढे घेऊन आली. “मामा, पहिलीच ऑर्डर आली, होटगीहून. लोकांना ‘आजोबा’ लई आवडलाय. तुमचे बाकीचे सदरे कुठं ठेवलेत?”