आकडे नकोत

"मला कामावर बघ," एकनाथ म्हणाले. "एक दिवस. डोळ्यांनी बघ आणि मग ठरव. हात जोडतो तुझ्यापुढे."

"काका, बसा ना आधी," नेत्रा म्हणाली. "तुमचे आकडे एकदा बघा तरी—"

"नको! मी निवडून पाठवलेले खेळाडू किती टिकले, किती घरी गेले, हेच ना? माणूस असा मोजतात का? पोरगा मैदानात कसा शिरतो, मार बसल्यावर कुठे बघतो, यावर आम्ही खेळाडू ओळखायचो. साधी वही लागायची नाही."

बेसबॉलच्या एका संघासाठी होतकरू खेळाडू हेरायचं काम एकनाथ एकतीस वर्षं करत होते. आता खेळाडू हेरणाऱ्या पाचांपैकी दोघांनाच नोकरीवर ठेवायचं होतं, आणि ते ठरवणं नेत्राच्या हातात होतं. त्यांच्या बायकोची, शोभनाची केमो अजून चार महिने चालणार होती. नोकरी गेली की इन्शुरन्सही गेला.

"ओके काका. पण मग आकडे धरणारच नाही. तसं वर कळवावं लागेल. नंतर चेंज होत नाही हं. शुअर?"

"शुअर."

शनिवारी प्लेनो शहरातल्या एका कॉलेजच्या मैदानावर दोघं जाळीमागे बसली. पुढच्या रांगेत एक जाडा माणूस रडार गन धरून प्रत्येक फेकीचा वेग मोजत होता.

पिचरने चेंडू फेकला. एकनाथांनी मान किंचित झुकवली, मग म्हणाले, "खांदा बघ किती मोकळा. अजून ताकद आहे पोरात." पुढच्या फेकीला पुन्हा तसेच थांबून म्हणाले, "ही फसली. कोपर खाली आलं."

"यार काका, मला दोन्ही सेमच दिसले."

"त्याला केस पिकवावे लागतात, बाई."

तिसऱ्या डावात जाडा माणूस हॉटडॉग आणायला उठला. पिचर फेकतच होता.

"आता कसा वाटतोय?" नेत्राने विचारलं.

एकनाथांनी रुमालाने मान पुसली. "ऊन फार आहे गं. जरा बघू दे."

माणूस परत येऊन बसला, तशी त्यांना पुन्हा वाचा फुटली.

सामना संपल्यावर पार्किंगमध्ये त्यांनी शोभनाला फोन करायला खिशात हात घातला. "मग? पटली ना नजर?"

नेत्रा गाडीची किल्ली चाचपत राहिली. "काका, तुम्ही पिचरकडे नाही, त्या माणसाच्या रडार गनवरच्या आकड्याकडे बघत होतात. तो गेला तेव्हा अकरा पिचेस झाले. तुम्ही एकावरही बोलला नाहीत."

एकनाथांनी गाडीच्या दाराला हात टेकला.

"मग... मग आकडेच धर. कसेही असू देत. कुठेतरी तळाशी तरी असेन ना मी?"

"आता नाही धरता येत, काका." तिचे डोळे भरून आले. "त्यात तुम्ही पहिले होतात."