पैकीच्या पैकी

विद्यापीठाच्या मैदानावर आज तिच्या खेळ शिकवण्याच्या नव्या पद्धतीचं मूल्यमापन होतं. कप्तान, पंच, प्रशिक्षक सगळे विद्यार्थीच. शिक्षिकेने फक्त रेषेबाहेर उभं राहायचं. बाळंतपणाची रजा संपल्यावरचा तिचा हा पहिलाच दिवस.

सामना संपल्यावर परीक्षक म्हणाले, "मॅडम, तासभरात एकानेही तुमच्याकडे वळून पाहिलं नाही. या पद्धतीत हेच तर हवं. पैकीच्या पैकी."

"थँक्यू, सर."

घरी सासूबाईंनी दारातच सांगितलं, "उगाच जिवाला घोर लावून घेतलास बघ. पोरगी दिवसभरात एकदाही रडली नाही. वरचं दूध गटागटा प्यायली."

"बरं झालं, आई," म्हणत ती आत गेली आणि तिने दुधाने भिजलेला टी-शर्ट बदलला.